सवयी जमा करण्याची खिडकी

माणसाच्या वजनात त्याच्या सवयींचंही वजन असतं, हे एकदा नक्की झाल्यावर कारखान्याने सवयी गेटवरच जमा करून घ्यायला सुरुवात केली.

कारखाना ओतकामाचा, पंचगंगेच्या पलीकडे, हायवेला लागून. कामगारांचा आरोग्य विमा आजवर कंपनीच भरत आली होती. नव्या नियमाप्रमाणे ज्याचं वजन उंचीच्या तक्त्यात बसेल, त्याच्या घरच्यांची नावं विम्यात राहणार होती. ज्याचं बसणार नाही, त्याच्या घरच्यांची कमी होणार होती. नियम फलकावर लागला. चार दिवस लोकांनी तो वाचून शिव्या घातल्या आणि पाचव्या दिवशी रांग लावली. आपल्याकडे कुठल्याही नियमाला साधारण एवढाच विरोध होतो.

खिडकीवर बसवायला माणूस शोधावा लागला नाही. बाबासो खोत बावीस वर्षं भंगाराच्या काट्यावर होते. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, रिकामी झाली की पुन्हा घ्यायची. दोन वजनांतला फरक तो माल. माणसाचंही तसंच होतं. कामगाराने काट्यावर उभं राहून सवयीचं नाव सांगायचं, खोतांनी ते पावतीवर लिहायचं, खाली सही झाली की सवय सुटून पत्र्याच्या डब्यात पडायची. डब्यात डोकावलं तर काही दिसत नसे. उचलताना मात्र हाताला कळे.

पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांचे अंदाज चुकले. तंबाखूची सवय दीडशे ग्रॅमच भरली. दारू कुणाचीच तीनशेच्या पुढे गेली नाही. उलट रोज पहाटे गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जाऊन, समोर धार काढलेलं म्हशीचं दूध उभ्याने प्यायची सवय सातशे ग्रॅम भरली. भट्टीवरच्या एकाला जेवताना पहिली भाकरी मोडून कुत्र्यासाठी बाजूला ठेवायची सवय होती. ती सव्वा किलो भरली. त्याचा कुत्रा दोन दिवस गेटबाहेर बसून होता, मग निघून गेला.

खोतांनी आरोग्य अधिकारी पेडणेकर मॅडमना विचारलं, "मॅडम, ह्या तर चांगल्या सवयी. ह्या कशाला घ्यायच्या?"

"सवय चांगली की वाईट हे ठरवणारे आपण कोण?" मॅडम म्हणाल्या. "आपण फक्त वजन बघायचं."

भंगाराच्या काट्यावरही कधी कुणी लोखंडाचं चारित्र्य विचारलं नव्हतं. खोतांना ते पटलं.

महिन्याच्या सात तारखेला धोंडिराम चौगुले खिडकीवर आला. धोंडिराम कोअर शॉपमध्ये एकतीस वर्षं होता. ओतकामात जिथं लोखंड जाऊ द्यायचं नसतं तिथं वाळूचा गाभा ठेवतात, त्याला कोअर म्हणतात. ओतलेलं थंड झालं की तो फोडून काढायचा आणि आत पोकळी राहते. असे गाभे करण्यात धोंडिरामचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. अंगाने म्हणाल तर नुसता हाडाचा सापळा. सदरा काढला तर बरगड्या मोजून घ्याव्यात. काटा मात्र अडुसष्ट किलो चारशे दाखवत होता, आणि तक्त्यात त्याच्या उंचीपुढे साठ लिहिलं होतं.

"बाबासो, काय बी करून साठात बसवा," तो म्हणाला. "धा तारखेला विमावाल्यास्नी वजनं पाठवणार म्हणत्यात. सोळाला सगुणाचं ऑपरेशन हाय."

सगुणा त्याची बायको. तिच्या काळजाची झडप अरुंद झाली होती. जिना तर सोडाच, अंगणातली बादली आणतानासुद्धा तिला दोनदा टेकावं लागे. झडप बदलली नाही तर दिवाळी दिसणार नाही, असं डॉक्टरांनी धोंडिरामला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ऑपरेशन विम्यात होतं. विमा वजनात होता.

खोतांनी काम सुरू केलं. तंबाखू दीडशे. दुपारचा चहा अडीचशे. पहाटेचं दूध सातशे. कुस्तीचं मैदान कुठंही असो, सायकल काढून जायची सवय नऊशे. दोन किलो गेले, काटा सहासष्ट चारशेवर आला आणि धोंडिरामच्या सवयी संपल्या.

"अजून सहा किलो चारशे पायजेत," खोत म्हणाले. "आठवा की."

धोंडिराम बराच वेळ काट्यावर उभा राहिला. मागे रांग होती, पण कोणी घाई केली नाही.

"एक हाय," तो शेवटी म्हणाला. "सांजचं घरला गेलो की सगुणासंगं पायरीवर बसतो तासभर. बोलत काय न्हाई. ती शेंगा फोडती, मी बघतो. तेवढी घ्या. तिला काय, नंतर सांगतो मी समजावून."

आता इथे खोतांची बावीस वर्षं आडवी आली. भंगारात एक रिवाज असतो, लॉट फोडायचा नाही. जुनं यंत्र आलं की नट वेगळा, चाक वेगळं असं तोलत बसलं तर संध्याकाळपर्यंत भांडणं होतात. सगळं एकत्र काट्यावर घ्यायचं आणि एका ओळीत लिहायचं. खोतांनी सरावाने पावतीवर लिहिलं: घरची सवय, एक लॉट. धोंडिरामला वाचायला चष्मा लागे आणि चष्मा घरी होता. त्याने सही केली.

डबा दणकन वाजला. काटा एकोणसाठ तीनशेवर येऊन थांबला.

"सात किलो शंभर!" खोत म्हणाले. "सुटलासा की वो चौगुले!" त्यांनी धोंडिरामच्या पाठीवर थाप मारली. रांगेतल्यांनाही बरं वाटलं. डबा फळीवर ठेवायला खोतांना दोन्ही हात लावावे लागले. आनंदात त्यांना त्याचा विचार करायचं सुचलं नाही.

ऑपरेशन सोळालाच झालं आणि उत्तम झालं. तिसऱ्या दिवशी खोत शहाळी घेऊन दवाखान्यात गेले. धोंडिराम खाटेच्या पायथ्याशी उभा होता. खिशात कंपनीने दिलेली चिठ्ठी होती, तीत वॉर्ड आणि खाटेचा नंबर लिहिला होता.

"तुमास्नी आता बरं हाय का?" त्याने सगुणाला विचारलं.

लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याने बायकोला अहो-जाहो केलं नव्हतं. सगुणा हसली, तिला ती थट्टा वाटली. मग तिने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि हसायची थांबली. तो तिला ओळखत होता. नाव, वय, लग्नाची तारीख, सगळं त्याला पाठ होतं. नर्सने फॉर्म भरताना विचारलं तेव्हा एक उत्तर चुकलं नाही. भेटीची वेळ संपल्यावर त्याने नमस्कार केला आणि तो गेला.

खोतांनी शहाळी खाटेखाली ठेवली आणि ते निघाले. बसमध्ये त्यांनी ती पावती मनातल्या मनात चार वेळा वाचली.

पुढचे तीन महिने धोंडिराम घरी गेला नाही. भांडण नव्हतं, राग नव्हता. सुटीचा भोंगा झाला की तो सगळ्यांबरोबर गेटबाहेर येई, थोडा वेळ उभा राही आणि परत आत जाऊन विश्रांती कक्षातल्या बाकावर आडवा होई. एकदा खोतांनी त्याला हाताला धरून बसथांब्यापर्यंत नेलं.

"घरचा पत्ता ठाव हाय न्हवं?"

"हाय की. मारुतीच्या देवळामागं, तिसरं दार."

"मग जावा की."

"जाईन की. पर कशाला जायचं त्ये ध्यानात येईना, बाबासो." एवढं बोलून तो नम्रपणे परत फिरला.

त्याचं वजन तिन्ही महिने एकोणसाठ तीनशे राहिलं. पेडणेकर मॅडमनी त्याचा फोटो फलकावर लावला.

खोतांनी अर्ज लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःची चूक कागदावर घातली: 'सदर कामगाराने पायरीवर बसण्याची सवय दिली असता, माझ्या हातून लॉट फोडायचा राहून गेला, तरी उरलेला माल परत करण्याची परवानगी मिळावी.' आठ दिवसांनी उत्तर आलं. पावती एकदा झाली की फोडता येत नाही. तथापि अशा पद्धतीने लॉट न फोडता घेतल्यास वजन लवकर उतरतं असं दिसून आल्याने पुढेही असंच करावं. खाली खोतांच्या कामाबद्दल समाधान व्यक्त केलेलं होतं. खोतांनी ते पत्र वाचलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. त्या दिवशी त्यांनी खिडकी अर्धा तास उशिरा उघडली, ह्यापलीकडे त्यांना काही करता आलं नाही.

मग एका दुपारी सगुणा स्वतः आली. चालत आली होती. खोतांनी तिला आत घेऊन खुर्ची दिली, पाणी दिलं.

"भाऊजी, त्येंचं काय ठेवून घेतलंय तुमी, त्ये परत द्या," ती म्हणाली. "मला आता बरं हाय."

खोतांनी फळीवरचा डबा दाखवला आणि समजावून सांगितलं. पावती फोडता येत नाही, पण अख्खी ठेव परत देता येते, तसा नियम आहे. पण परत दिलं की वजन पुन्हा तक्त्याबाहेर. वजन तक्त्याबाहेर गेलं की विम्यातलं सगुणाचं नाव कमी. नवी झडप धातूची, तिला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर लागणार, तपासण्या लागणार. नाव गेलं की तेही गेलं.

सगुणाने डब्याकडे बघितलं. "म्हंजे मी हाय तवर ती मिळायची न्हाई त्येस्नी."

"न्हाई."

"आणि मी गेल्यावर?"

खोतांनी नियमाचं पुस्तक काढलं. त्यांना उत्तर माहीत होतं, पण पुस्तकात बघून सांगणं सोपं जाईल असं त्यांना वाटलं. "लाभार्थी मयत झाल्यास ठेव कामगारास विनाअट परत," त्यांनी वाचलं.

"म्हंजे मी मेलो की हे घरला येणार," सगुणा म्हणाली. तिच्या गावाकडे बायकाही स्वतःला असंच बोलतात. "दारात हुबं ऱ्हाऊन हाक मारणार. आणि आत कोण?"

खोतांनी नियमाचं पुस्तक मिटलं. त्यांना रडू येत होतं, आणि बाहेर रांग होती.

सगुणाने पदराने तोंड पुसलं. मग ती उठून काट्यापाशी गेली. "मग माझी तरी घ्या," ती म्हणाली. "भोंगा वाजला की दार उघडून बसायची सवय लागलीया मला. रोज दोघांच्या भाकऱ्या हुत्यात. जड हाय लई. दवाखान्यातनं सोडलं तवा मी एकेचाळीस किलो हुतो, अन् काल दवाखान्याच्या काट्यावर एकुणपन्नास भरलो. डाक्टर म्हणाला, खातासा काय? अन्न तर जात न्हाई घशाखाली. पाच किलोच्या वर उचलायचं न्हाई म्हणून बजावलंय त्येनं."

खोतांनी तिला काट्यावर उभं केलं. एकोणपन्नास किलो दोनशे. त्यांनी पावती पुस्तक ओढलं, कोरी पावती काढली, नावापर्यंत लिहिलं. पुढचा रकाना कामगार क्रमांकाचा होता.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"वैनी, कामगाराच्याच घेता येत्यात," ते म्हणाले. "घरच्यांच्या ज्येच्या त्येनं ठेवायच्या."

"बरं," सगुणा म्हणाली.

"आठ किलोच्या वर हाय ही. रिक्षा बोलवू का?"

"नगं. रिक्षात काय कमी हुतंय व्हय?"

खोतांनी थोडा विचार केला. त्यांच्याकडे सांगण्यासारखं एवढंच होतं. "मग बसत बसत जावा," ते म्हणाले.

ती निघाली. पाळी सुटायची वेळ झाली होती. भोंगा वाजला आणि माणसं गेटबाहेर पडू लागली. धोंडिराम त्यांच्यात होता. गर्दीतून एक दमलेली बाई येते आहे हे बघून तो अदबीने बाजूला झाला आणि त्याने तिला वाट दिली. गेटपासून बसथांबा पन्नास पावलांवर आहे. तेवढ्यात ती तीनदा बसली.