गाडीत बरी झालेली गुलबक्षी

मुलांना जीवशास्त्र शिकवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या अमरावती जिल्ह्यात कुणी नाही! हे मी म्हणत नाही, माझे विद्यार्थी म्हणतात. (मी विचारलं की.)

वलगावच्या इनायतुल्लांच्या रोपवाटिकेत एक चट्ट्यापट्ट्यांची गुलबक्षी होती. एक फांदी हिरवीगार, एक पांढरीफटक. त्यांची लेक, माझ्या आठवीच्या वर्गातली तहरीम, कॉलेजात शिकलेल्या आई बिल्कीसकडून नाजूक ब्रश धरायला शिकली आणि तिनं हिरव्या फांदीचे पराग पांढऱ्या फांदीच्या फुलांवर लावले. म्हणजे बाप हिरवा, आई पांढरी. रोपं उगवली ती सगळी आईसारखी पांढरी! अकोल्याच्या विज्ञान प्रदर्शनात प्रयोगाची निवड झाली. पण पांढऱ्या रोपाला स्वतःचं अन्न करता येत नाही, बियातली शिदोरी संपली की ते मरतं. दुसरी पेरायला वेळ नव्हता. जे होतं ते त्या एका ट्रेमध्ये.

"मास्तरसाब, पोरीची मेहनत हाये," बडनेरा स्टेशनवर आम्हा दोघांना गाडीत बसवताना इनायतुल्ला म्हणाले.

"इनायतभाई, डोळ्यात तेल घालून बसतो!"

त्या वर्षी लाल्या रोगानं वऱ्हाडातली कपाशी पार झोपवली होती. डब्यात निम्मे कास्तकार. फिकं पान दिसलं की प्रत्येकातला डॉक्टर उठून बसायचा!

"मास्तर, केवडा पडला याच्यावर!" समोरचे शेषराव ओरडले.

"चिमूटभर युरिया द्या!"

"ताक शिंपडा!" म्हणत एकानं बाटलीचं बूचही काढलं. मी ट्रेवर आडवा पडलो आणि वर ओलं फडकं झाकलं.

तहरीम खिडकीशी डोळे मिटून भाषण पाठ करत होती. मग समजावणार कोण? मीच! मी लोकांकडे वळलो.

"हा रोग नाही. फार फार पूर्वी एक हिरवा जीवाणू दुसऱ्या पेशीत पाहुणा म्हणून आला, तो परत गेलाच नाही!"

"जवाई असन!" शेषराव म्हणाले.

"तेच हरितलवक! त्यानं आपल्या जनुकांचं गाठोडं बरोबर आणलं होतं. बरंचसं घरमालकाच्या कोठीत, म्हणजे पेशीच्या केंद्रकात गेलं, थोडं अजून त्याच्याजवळ आहे. गुलबक्षीत ते आईकडूनच लेकरात येतं. इथं आईचंच हरितलवक बिघडलेलं, म्हणून लेकरं पांढरी! माणसातही ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचं तसंच."

"म्हंजे माह्या बापाचं माह्यात काईच नाई?" शेषराव उभेच राहिले. "मास्तर, तोंड सांभाळा!"

"अहो, नाक बापाचंच दिसतंय! फक्त पेशीतली चूल आईची!"

"काहून? बापानं का घोडं मारलं?"

डब्यात दोन तट पडले. आईवाले एकीकडे, बापवाले एकीकडे. एक आजोबा तर रडायलाच लागले, त्यांना आई आठवली! मी बाकावर उभा राहून समजावत होतो. मूर्तिजापूरला माझ्या शेजारी बसलेल्या मनकर्णाबाई मिरचीच्या रोपांची टोपली घेऊन उतरल्या. जाताना तहरीमच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "आता फिकीर नोको करू, माय!"

किती मायाळू माणसं!

अकोल्याला परीक्षकांसमोर मी स्वतः ट्रेवरचं ओलं फडकं दूर केलं. "पाहा! एकही हिरवं नाही!"

ट्रेमध्ये मिरचीची रोपं डोलत होती. पोपटासारखी हिरवी!

माझ्या घशातून बेडकासारखा आवाज निघाला. तहरीमचे डोळे भरले. परीक्षक कागदावर काट मारणार, तोच ती नाक ओढून म्हणाली, "सर, ही मिरची हाये. माही रोपं पांढरी होती. गाडीत एका काकूनं दया येऊन बदलून देल्ली."

परीक्षक इतके हसले की त्यांचा चष्मा घसरला. "बरं, पांढरी का होती ते तरी सांग!"

मग ती जी सुटली! पराग, बीजांड, हरितलवक, त्याची जनुकं, सगळं. शेवटी म्हणाली, "सर, काकूचं चुकलं नाई. ती रोपं मरणारच होती. पण ती काहून मरतात, तेच माह्या प्रयोगातून दिसते."

दुसरा क्रमांक!

"शाब्बास! पण एवढं शिकवलं कोणी तुला?" परीक्षकांनी विचारलं. मी सदऱ्याची घडी नीट करून पुढं झालो.

"अम्मीनं, सर," तहरीम म्हणाली. "मास्तरसाब तं गाडीत लोकाइले शिकवून राह्यले होते."