बाहीतला दोरा

लेकीच्या पांढऱ्या कोटाची बाही कोपरापासून मनगटापर्यंत उसवलेली दिसली आणि मास्तरांना राहवेना. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाच्या मुलीने अशा अवतारात प्रयोगशाळेतल्या साहेबांपुढे जायचं म्हणजे बापाचं नाक कापलं जाणार. ती आंघोळीला गेली होती. तिच्या पिशवीत पांढऱ्या दोऱ्याचं रीळ सापडलं. दोरा जरा जाडसर, पण पीळ असा की मास्तर खूश झाले. त्यांनी अख्खं रीळ त्या बाहीत जिरवलं आणि दर चार बोटांवर आपली खास गाठ मारली.

तो दोरा म्हणजे लेकीची तीन वर्षांची मेहनत होती. गरम हवा लागली की तो आखडायचा, गार झाला की सैल पडायचा. त्याचेच स्नायू करून तिने प्लॅस्टिकचा हात बनवला होता. आज त्या हाताने कप धरला नाही तर काम बंद, असं साहेबांनी बजावलं होतं. हे बघायला बाबांनी यावं, असा तिचा हट्ट होता.

प्रयोगशाळेत पोचल्यावर बघते तर त्या हाताच्या अंगठ्याची गाठ निसटलेली. या गाठी तिला नेहमीच दगा द्यायच्या. नवा दोरा काढायला तिने पिशवी उघडली, तर रीळ रिकामं.

"बाबा, यातला दोरा कुठंय?"

"तुझ्या बाहीत," मास्तर ऐटीत म्हणाले. "कोट फाटेल, पण टाका निघायचा नाही."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात साहेब आलेच. तिने अंगठ्याची गाठ कशीबशी बांधली आणि केस वाळवायच्या यंत्रातून गरम हवा सोडली. बोटं जेमतेम मिटली आणि एकेक करत सगळ्या गाठी सुटल्या. कप फुटला. हाताने हात टेकले. तिची बाही मात्र चुण्या घेत घेत कोपरावर जाऊन बसली.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात त्यांची एकही बाही अशी वागली नव्हती. साहेब मात्र वाकून बाहीच बघत होते. त्यांनी हवा बंद करायला लावली, बाही खाली आली. सुरू करायला लावली, वर गेली. असं दहा वेळा झालं, पण एकही गाठ जागची हलली नाही.

"दोरा तोच ना? मग इथल्या गाठी कुणी मारल्यात?"

लेकीने बाबांकडे बोट दाखवलं.

मास्तरांनी चष्मा पुसला, कात्री मागितली, बाहीतला दोरा काढला आणि अर्ध्या तासात हाताच्या सगळ्या गाठी नव्याने मारल्या. दुसरा कप हाताने असा धरला की दोरा गार होईपर्यंत सोडेना. साहेबांनी काम चालू ठेवायला तिथेच होकार दिला आणि लेकीने उसवलेल्या बाहीनिशीच बाबांना मिठी मारली.

निघताना साहेबांनी मास्तरांना बाजूला घेतलं आणि आपल्या कोटाचं लोंबणारं बटण दाखवलं.

"एवढं लावून द्याल का?" ते हळूच म्हणाले. "पण साध्या दोऱ्याने."