तिकडचं दार

आमच्या ऑफिसच्या खोलीला दार नाही. वाळवी लागली म्हणून दोन वर्षांपूर्वी काढून नेलं ते नेलंच. चौकट तेवढी उरली. त्या चौकटीवर ढोबळे सर रोज सकाळी बोटाने दोनदा टकटक करतात आणि आतून कुणी ‘या’ म्हणेपर्यंत बाहेर उभे राहतात. एकदा मी कानात इअरफोन घालून बसले होते आणि शेजारचा हरप्रीत चहाला गेला होता. सर वीस मिनिटं उभे. समोर त्यांचीच खुर्ची, खुर्चीवर त्यांचाच स्वेटर.

“सर जी, दरवाज़ा है ही नहीं, आ जाया करो यार,” असं हरप्रीतने त्यांना शंभरदा तरी सांगितलं असेल. सर मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टकटक करतात.

आम्ही केंद्र सरकारची माणसं. मी साताऱ्याची, सर वर्ध्याचे. बदली होऊन चंदीगडला आलेला मराठी माणूस पहिल्या दिवसापासून परतीच्या तारखेवर डोळा ठेवून असतो. सरांनी मात्र दोनदा अर्ज करून मुक्काम वाढवून घेतला. नागपूरला जागा रिकामी असताना! विचारलं तर म्हणतात, इथली हवा मानवली. हे ते जानेवारीत, तीन स्वेटर घालून, शिंकत शिंकत सांगतात.

माझी बदली त्रेचाळिसाव्या वर्षी नेटवर्क विभागात झाली, हा माझ्या पूर्वजन्मीच्या पापांचा भाग. राऊटर म्हणजे घरच्या कोपऱ्यात लुकलुकणारा, ‘मम्मी, हाथ मत लगाओ’ असं मुलगा ज्याच्याबद्दल बजावतो तो डबा, एवढंच मला ठाऊक. विभागीय परीक्षा तर द्यायचीच होती. खऱ्या यंत्रांना आम्हाला कोण हात लावू देणार? मग संगणकावरच खोटं जाळं मांडायचं. खोटे राऊटर, खोटे स्विच, खोट्या तारा. भातुकलीच ती. पण भातुकलीतला भात कधी करपत नाही, माझा रोज करपायचा. तार जोडली की तिच्या दोन्ही टोकांना लाल त्रिकोण यायचे आणि लालच राहायचे.

शिकवायला ढोबळे सर. “काय करून राहिल्या ताई?” असं म्हणत ते खुर्ची ओढून बसायचे. त्यांचं म्हणणं, स्विच, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणारा साधा डबा, हा मोकळा गडी. तार लावली की अर्धा मिनिट विचार करतो आणि हिरवा होतो. राऊटर मात्र जन्मतःच तारांसाठीची सगळी दारं लावून बसलेला. एकेक दार हुकूम देऊन उघडावं लागतं आणि तो हुकूमही ‘उघड’ असा नाही, ‘बंद राहू नको’ असा.

“हट्टी माणसाले असंच सांगा लागते,” ते म्हणायचे.

मी एका राऊटरचं दार उघडायचे आणि दुसऱ्याचं विसरायचे. एक जरी बंद असलं तरी तार लाल ती लालच. “दोन्हीकडून उघडा लागते ताई,” हे वाक्य मला भाजी निवडतानाही ऐकू यायला लागलं. तीन महिन्यांत मी रडकुंडीला आले, सर एकदाही चिडले नाहीत.

त्यांच्या स्वतःच्या संगणकावर एक मांडणी कायम उघडी असायची. दोनच राऊटर, मधे एक तार. एकाचं नाव चंदीगड, दुसऱ्याचं डेराबस्सी, म्हणजे इथून जवळचंच एक गाव. तार लाल. मला वाटायचं, शाखेचं काम असेल. हरप्रीत म्हणाला, डेराबस्सीत आपलं ऑफिसच नाही.

शेवटी मी पास झाले. काठावर, पण झाले. त्या आनंदात मला गुरुदक्षिणा सुचली. सर जेवायला गेले होते. मी त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं, चंदीगडचं दार उघडं होतं, डेराबस्सीचं बंद. एवढे मोठे गुरू आणि नेमकी माझीच चूक! मी हुकूम दिला. दोन्ही त्रिकोण हिरवे झाले.

सर आले. टकटक, या, वगैरे झालं. खुर्चीत बसले आणि पडद्याकडे बघत राहिले. एक बोट त्या हिरव्या त्रिकोणावर टेकवलं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने डेराबस्सीचं दार पुन्हा बंद केलं.

“तुम्ही चांगल्यासाठीच केलं ताई,” ते म्हणाले. “पण तिकडचं मी उघडलं तं ते तिनं उघडलं असं कुठं होते?”

मग त्यांनी सांगितलं. मुलगी इथे चंदीगडजवळ मोहालीत औषधशास्त्र शिकत होती. तिची शेवटची परीक्षा सुरू असताना वर्ध्याला बायको आजारी पडली, सर तेव्हा तिथेच होते. आपल्याकडे करतात तेच त्यांनी केलं, पेपर होऊ देत, मग सांगू. अकरा दिवस ते फोनवर ‘आई झोपली आहे’ म्हणत राहिले. नवव्या दिवशी बायकोने फोन मागितला, तोही दिला नाही. आवाजावरून पोरीला कळलं असतं. शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी बायको गेली, आणि तेही त्यांनी पेपर संपल्यावरच कळवलं. मुलगी पोचली तेव्हा राख उरली होती. पहिल्या वर्गात पास झाली. बापाशी मात्र आजतागायत बोललेली नाही. आता डेराबस्सीत औषधांच्या कारखान्यात नोकरी करते. सर दर रविवारी बसने तिच्याकडे जातात.

“जाळीचं दार असते. कडीही नसते लावलेली,” ते म्हणाले. “दोनदा वाजवतो. आत ती दिसते, काम करून राहिलेली. या म्हणत नाही. अर्धा तास थांबतो, येतो वापस.”

मला राहवलं नाही. म्हटलं, सर, कडी नाही तर ढकलून आत जायचं.

“अकरा दिवस तिचं सगळं मीच ठरवलं, ताई. आता तिनंच ठरवा लागते.”

मार्चअखेर सर निवृत्त होतायत. आता मुक्काम वाढवायचा अर्ज कुणाकडे करणार? क्वार्टर सोडावं लागेल, वर्ध्याला जावं लागेल. मला फार वाईट वाटतं आणि करण्यासारखं काहीच सुचत नाही. दोन राऊटर जोडायला शिकले, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही.

इअरफोन मी आता घरीच ठेवते. आज सोमवार. नऊ वाजता चौकटीवर टकटक झाली. काल रविवारीही तिकडून ‘या’ आलं नव्हतं, ते चेहऱ्यावरून कळत होतं. हातातलं काम टाकून उठले.

“या सर,” म्हटलं, “या ना.”

ते आत आले.