सयाजीरावांचा गारेगार एसी

गाडीच्या एसीचा फिल्टर घरीच बदलायचा, असं सयाजीरावांनी एका रविवारी चहा पिता पिता ठरवलं. वास्तविक त्यांनी आणखी एक कप चहा घेऊन गप पडून राहायला काही हरकत नव्हती. पण मोबाईलवर कुणा पोरानं पाच मिनिटांत फिल्टर बदलून दाखवला होता. जे पोराला जमतं ते आपल्याला न जमायला आपण काय येडं हाय का, असं त्यांच्या मनात आलं. (हे त्यांनी मोठ्यानं विचारलं असतं तर घरात उत्तर तयार होतं.)

सयाजीराव कडेगावचे. मिलिटरीत सतरा वर्षं काढून आलेले. कुणाची मोटर जळो, ट्रॅक्टर धूर सोडो नाहीतर म्हैस दूध चोरो, "मिलिटरीत आमी..." असं म्हणत हा गृहस्थ पुढं! आता मिलिटरीत ते होते कँटीनच्या स्टोअरला. रणगाड्याशी त्यांचा संबंध एकदाच आला, तो त्याच्यासमोर फोटो काढून घेण्यापुरता. पण गावाला काय, मिशा दिसल्या की पुरे.

तर कराडहून नवा फिल्टर आला. सयाजीरावांनी डॅशबोर्डाचा कप्पा उचकटला, जुना मळका फिल्टर ओढून काढला, नवा सरकवला आणि कप्पा ठोकून बसवला. एक स्क्रू उरला. "कंपनी येक जादाच देती," असं बायकोला सांगून तो त्यांनी खिशात टाकला.

दुसऱ्या दिवसापासून एसी लावला की आत पंखा नुसता घुंघुं करायचा, आणि बाहेर वारा यायचा तो कसा, तर समोर धरलेल्या उदबत्तीचा धूरसुद्धा हलायचा नाही.

"गॅस संपला," सयाजीरावांनी निदान केलं.

विट्याला गॅस भरून झाला. फरक शून्य. मग पलूसला भरला. तिथला माणूस मीटर लावून म्हणाला, "सायेब, गॅस हाय की ह्यात." सयाजीराव म्हणाले, "तुला भर म्हटलं की भर. मिलिटरीत आमी..." त्यानं हात जोडले आणि भरला.

हे सगळं त्यांच्यापुरतंच राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्यांची लेक अंकिता दिली होती कवठे महांकाळला, आणि तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. सयाजीरावांच्या बायकोनं, बनुबाईंनी, तूप कढवून ठेवलं होतं, खोली सारवल्यासारखी पुसून काढली होती. एवढ्यात विहीणबाईंचा फोन आला.

"बेचाळीस डिग्री ऊन हाय, बनुबाई. डाक्टरीण म्हणली, पोरीला उन्हाची झळ लागू दिऊ नगा. तुमच्या गाडीत एसी चालत असंल तर खुशाल न्या. न्हाईतर बाळंतपण हितंच करू. आमाला काय ती जड न्हाई."

बनुबाई फोन ठेवून थेट सयाजीरावांपुढं येऊन उभ्या राहिल्या. गावात बायका काय म्हणतील, हा एक भाग होताच. पण लग्न झाल्यापासून लेक चार दिवसांच्या वर माहेरी राहिली नव्हती. त्या माउलीला पोर जवळ हवी होती, बस्स.

"आवं, येकदा गॅरेजला दावा की गाडी."

"गॅरेजवाल्याला काय कळतंय? गाडी माझी हाय का त्याची?"

"गाडी तुमचीच हाय. लेक माझी हाय."

सयाजीरावांनी यावर जे केलं ते शहाण्या माणसाला सुचणार नाही. दुसऱ्या दिवशी काचा खाली करून, गरम फुफाटा तोंडावर घेत दोघं लेकीला आणायला निघाले. तासगावात त्यांनी गाडी थांबवली आणि बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी आणून, गोणपाटात गुंडाळून, मागच्या सीटच्या पायथ्याशी सारली.

"ह्यो काय उद्योग?" बनुबाई ओरडल्या.

"विहीणबाईंस्नी धा मिंटं गार लागलं की झालं. येकदा गाव सुटलं की काचा खाली करू."

"आनि पोटुशी पोर? ती भाजून निघंल त्याचं काय?"

"तू गप बस. मी हाय न्हवं?"

हाच तर सगळा घोटाळा होता. ते तिथं होते.

कवठ्यात विहीणबाई परीक्षेला तयारच होत्या. पदर खोचून मागच्या सीटवर बसल्या. (सीटवरचं प्लॅस्टिक सयाजीरावांनी पाच वर्षांत काढलं नव्हतं. सीट खराब होते म्हणून.) दार लावलं, सयाजीरावांनी एसीचं बटण दाबलं, पंखा घुंघुं करू लागला.

"गार हाय की वो!" विहीणबाई म्हणाल्या. सयाजीरावांनी मिशीवरून हात फिरवला.

बाहेरून व्याही लालासाहेब म्हणाले, "पावणं, गाडीखाली पानी गळतंय."

"एसी झकास चालला की पानी पडतंच. कुठलंबी पुस्तक काढून बघा!"

हे मात्र खरं होतं. आयुष्यात एकदा माणूस खरं बोलला, आणि त्याच क्षणी विहीणबाई किंचाळल्या. पाणी त्यांच्या चपलेत शिरलं होतं. त्यांनी वाकून चाचपलं, आणि टपटप गळणारं गोणपाट वर उचललं.

"पावणं, ह्यो कुठला गॅस?"

सयाजीरावांनी आढ्याकडं बघावं तसं गाडीच्या टपाकडं बघितलं. उंबऱ्यात बॅग भरून उभ्या असलेल्या अंकिताचा चेहरा पडला. बनुबाईंनी तोंडाला पदर लावला. विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "अंकिता, बॅग आत ठिव."

तेव्हा बनुबाई पुढं झाल्या. "विहीणबाई, तुमच्या पाया पडते. हितला कोन मिस्त्री असंल त्याला बोलवा. त्यानं न्हाई म्हटलं तर मी येकटी माघारी जाते. ह्येंचं ऐकून माझं वाटूळं झालंय!"

लालासाहेबांनी नाक्यावरच्या सूरज मिस्त्रीला बोलावलं. त्यानं मीटर लावलं, मग जाळीपुढं हात धरला आणि हसला.

"आवं, गॅस कमी झाला तर वारा येतो, पर कोमट येतो. हितं वाराच न्हाई. डॅशबोर्डामागं येक जाळी गॅसनं गार पडती, पंखा तिच्यातनं वारा ढकलतो. त्या वाटंत कायतरी बोळा हाय. आनि गॅस तर दुप्पट भरलाय. लय गॅसनंबी एसी गार करत न्हाई."

त्यानं कप्पा उघडला, आत हात घातला आणि फिल्टर बाहेर काढला. नवाकोरा. प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. पिशवीचं तोंडसुद्धा चिकटवलेलं तसंच होतं.

"ह्यो कुनी बसीवला?"

"कंपनीनं," सयाजीराव म्हणाले.

"ह्येंनीच!" बनुबाई म्हणाल्या.

"आता पिशवी काढली असती तर धूळ बसली असती त्याच्यावर!"

लालासाहेब शांतपणे म्हणाले, "पावणं, धूळ धरायलाच तर त्यो असतोय न्हवं?"

सूरजनं पिशवी फाडली, फिल्टर बसवला, जादा गॅस मशीनमध्ये ओढून घेतला. पाच मिनिटांत गाडीत असा गारवा आला की महाबळेश्वरची आठवण व्हावी. विहीणबाई पुन्हा आत बसल्या, त्या उतरेचनात.

"मीबी चार दिस येते पोरीसंगं," त्यांनी जाहीर केलं. "गाडी ईरधवल चालवंल."

वीरधवल म्हणजे जावई. त्यानं आईच्या लुगड्याला चिकटतं म्हणून सीटवरचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं. सयाजीराव नुसते बघत राहिले. पुढं विहीणबाई बसल्या. मागं अंकिता पाय लांब करून, तिच्या उशाला बनुबाई. जागा संपली.

"पावणं, तुमी यस्टीनं या," विहीणबाई काच वर करता करता म्हणाल्या. "मिलिटरीतली मानसं तुमी. तुमाला उन्हाचं काय?"

भर दुपारी सयाजीराव यस्टीत, उन्हाच्या बाजूला, पत्र्याला चिकटून बसले. शेजारच्या म्हाताऱ्याला पलूस येईपर्यंत त्यांनी एसी कसा चालतो ते समजावून सांगितलं. (सूरजची वाक्यं, आवाज यांचा.) लेकीसाठी गाडीचा एसी आपणच दुरुस्त केला, हेही सांगून झालं. म्हातारा मान डोलवत होता. आजूबाजूचे चार जण कान देऊन ऐकत होते. तेवढ्यात अंकिताचा फोन आला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून सयाजीरावांनी तो स्पीकरवर टाकला.

"पप्पा, घरी पोचलो. कायसुदिक त्रास झाला न्हाई. लय गारेगार आले मी!"

सयाजीरावांनी चौफेर बघितलं. डोळ्यांत खरोखरच पाणी आलं होतं. "मग! बाप हाय तुझा. आता घरी आलो की पयला पाळणा बसीवतो बघ माझ्या नातवाला!"

पलीकडं कुजबुज झाली. मग अंकिता अडखळत म्हणाली, "पप्पा, आई म्हणतीया, पाळण्याला तुमी हात लावायचा न्हाई. सुतार सांगून झालाय."

सयाजीराव स्पीकर बंद करायचं बटण शोधू लागले. ते सापडेपर्यंत निम्मी यस्टी हसत होती, आणि बटण शेवटी म्हाताऱ्यानं दाबून दिलं.