पाळीपाळीनं औषध

समीक्षा मॅडमचा प्रबंध बारा उंदरांवर अडला होता आणि त्या बाराजणांची देखभाल धावजीच्या गळ्यात होती. यवतमाळच्या एका फार्मसी कॉलेजात तो प्राणीघर सांभाळी. पिंजरे धुवायचे, दाणापाणी करायचं, एवढंच त्याचं काम. विचार करायचा नाही असं कोणी बजावलं नव्हतं, तिथेच घोटाळा झाला.

मॅडमने बाराही उंदरांच्या पायात टोचून संधिवाताची सूज आणली होती. एका पिंजऱ्यातल्या सहांना रोज नवं औषध, दुसऱ्यातल्या सहांना नुसतं पाणी. पिंजरे हुबेहूब सारखे, ओळख काय ती पाटीची. दोन्ही गटांत फरक दिसला तरच औषध खरं, असं तिने धावजीला समजावलं. त्याने मान हलवली, पण त्याला ते पटलं नाही. घरी त्याच्या बायकोचे, जमनीचे, गुडघे असेच सुजत. दवाखान्याच्या गोळ्या सुरू करून पंधरा दिवस झाले, तरी ती भिंत धरूनच उठे.

एकविसाव्या दिवशी मोजमाप झालं. दोन्ही पिंजऱ्यांतली सूज सारखीच. औषध निकामी आहे असं लिहून टाक, तिचे मार्गदर्शक सर म्हणाले आणि निघून गेले. दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली म्हणून समीक्षा स्टुलावर बसून डोळे पुसू लागली. धावजीला ते बघवेना.

"म्याडम, औषधाले बोल नका लावू. दोष माहा हाये," तो म्हणाला. "पिंजरे धुतले का मी रोज पाट्या बदलवत होतो. आज यायले, उद्या त्यायले."

"पण काहून, काका?"

"आमच्या तांड्यात बोकडाचे वाटे पडले का नायकाचा अन् विधवेचा वाटा सारखाच रायते. सहानं खावं अन् सहानं पाहावं, हे मले नाही जमलं. नोकरी जाते तं जाऊ द्या."

समीक्षाला रागवायचं होतं, पण हसूच आलं. तिने सरांच्या हातापाया पडून तीन आठवडे वाढवून घेतले, नवे उंदीर आणले आणि धावजीकडून पाट्यांना हात न लावण्याची, बंजाऱ्यांच्या संत सेवालालाची आण घेतली. या खेपेला औषधवाले सहा तुरुतुरु पळू लागले. औषध खरं निघालं, प्रबंध वाचला. पाणीवाल्या सहांसमोरून मात्र धावजी मान खाली घालूनच जाई.

निकाल लागला त्या संध्याकाळी तो तांड्यावर परतला तेव्हा जमनी ओसरीवर गुडघे चोळत बसली होती. गोळ्यांत काही दम नाही, असं तिचं रोजचं रडगाणं सुरू झालं. आज मात्र धावजीला शास्त्र कळलं होतं.

"तू रोज घेतं ना पण?"

"घेतो ना," जमनीला तो प्रश्नच झोंबला. "एक दिवस मी, एक दिवस शेजारची कौसल्या, एक दिवस पलीकडची भागीरथा. गुडघे काय माह्या एकटीचेच दुखतात?"

धावजीने गोळ्यांची पुडी उचलली.

"आज पाळी कोणाची हाये?" त्याने विचारलं.

"कौसल्याची."

धावजीने पुडीतली एक गोळी काढली आणि कौसल्याच्या घराकडे निघाला.