पडण्याची शिकवणी

"...एका हाताने हो. असं धरलं नि केलं आडवं. आणि एकदा नाही, तीनदा. आता आपले चष्मेवाले म्हणजे..."

एवढं कानावर पडलं आणि लिफ्टचं दार बंद झालं.

बोलत होत्या तिसऱ्या मजल्यावरच्या शिलाईताई. ऐकत होता वॉचमन. आणि ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं ते चष्मेवाले, म्हणजे चौथ्या मजल्यावरचे, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमीत बसवणारे, लिफ्टच्या आत उभे होते. लिफ्टसमोर पुरुषभर उंचीचं लाकडी खोकं ठेवलेलं असल्यामुळे त्या दोघांना ते दिसले नव्हते.

लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत चष्मेवाल्यांनी ते अर्धवट वाक्य निदान दहादा मनात घोळवलं. एका हाताने. आडवं केलं. तीनदा. उरलेलं अर्धं त्यांनी स्वतःच जुळवलं, आणि माणूस स्वतःबद्दलचं वाक्य जुळवायला बसला की हात आखडता घेत नाही. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं तर. चष्मेवाले ज्युदो शिकतात हे कळलं होतं, आणि त्यात कोणीतरी एका हाताने तीन माणसं आडवी केल्याची भर घातली होती.

खरं काय ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. सव्वातीन महिन्यांत त्यांनी एकही माणूस पाडला नव्हता. (एकदा वर्गातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या पायात पाय अडकून पडल्या होत्या, पण त्या दोघांनीही एकमेकांची माफी मागितली होती, तेव्हा ते धरता येत नाही.) दार उघडून खाली जावं आणि "अहो, तसं काही नाही" म्हणून सांगावं, हे त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, जाऊ दे. बावन्न वर्षांत आपल्याबद्दल पहिल्यांदाच कोणी काही चांगलं बोलतंय, त्यात आपण कशाला मध्ये पडा.

बस, इथेच घोटाळा झाला.

ज्युदोचं खूळ डोक्यात शिरलं ते सासूबाईंमुळे. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलातले डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, "या वयात पडणं टळत नाही. कसं पडायचं ते आधी शिकलेलं असलं म्हणजे बरं." वहिनींनी, म्हणजे चष्मेवाल्यांच्या बायकोने, ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. चष्मेवाल्यांनी मात्र मनावर घेतलं. जिथे पडायला शिकवतात अशी एकच जागा त्यांना सापडली, ती म्हणजे बाजाराच्या मागच्या हॉलमधला ज्युदोचा वर्ग. घरी सांगितलं, फिरायला जातो.

वर्ग घेणाऱ्या बाई चष्मेवाल्यांच्या खांद्यालाही लागत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी दोन नियम सांगितले. गादीवर पाय ठेवायच्या आधी चष्मा काढून डबीत ठेवायचा, आणि समोरच्याला कमरेतून वाकून नमस्कार करायचा. त्यानंतर तीन महिने फक्त पडणं. मागे पडणं, डावीकडे पडणं, उजवीकडे पडणं. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि अंग टेकायच्या क्षणी तळहाताची सणसणीत थप्पड जमिनीला, म्हणजे आदळआपट हाताने सोसायची, हाडांनी नाही.

फायदा झाला नाही असं कोण म्हणेल? चार मजले चढताना धाप लागायची ती बंद झाली. फ्रेमीतला केसाएवढा स्क्रू बसवताना हात थरथरायचा, तो स्थिरावला. गिऱ्हाईक आवाज चढवून बोललं की पूर्वी त्यांच्या पोटात गोळा यायचा. आताही यायचा, पण लवकर विरघळायचा. पाठीवर निळे डाग मात्र असत. वहिनी ते रोज बघत आणि काही विचारत नसत, याचं चष्मेवाल्यांना नवल वाटे.

लिफ्टमध्ये ते बोलणं ऐकलं त्या बुधवारी जेवताना वहिनी म्हणाल्या, "शनिवारी अकराला आईला घरी सोडताहेत."

"वा."

"वा काय? चाकाच्या खुर्चीतून यायचीय ती. लिफ्टसमोर ते खोकं आहे तोवर तुम्ही-आम्ही तिरके होऊन शिरतो. खुर्ची तिरकी होते का?"

खोकं तळमजल्यावरच्या जिमवाल्याचं. नवी जिम थाटत होता; खोक्यात पळायचं यंत्र होतं. दोन दिवसांत हलवतो म्हणाला त्याला तीन आठवडे झाले होते. माणूस असा की मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात ते कळू नये. इमारतीत त्याला मागून सगळे 'कपाट' म्हणत. समोरून कोणी काहीच म्हणत नसे. वॉचमनने विचारलं तर म्हणाला, "बघू." सेक्रेटरींनी चिठ्ठी पाठवली तर ती वाचून परत दिली.

"सेक्रेटरी काय म्हणतात?"

"म्हणतात, मीटिंग बोलावू. पुढच्या महिन्यात." वहिनींनी ताटाकडे बघतच सांगितलं, "मी ठरवलंय. शनिवारपर्यंत खोकं नाही हललं तर आईला घेऊन माझ्या ताईकडे जाते. तिचं घर बैठं आहे. तीन महिने तरी लागतील."

ताईचं घर म्हणजे गाडीने एक अख्खा दिवस. चष्मेवाल्यांचा घास हातातच राहिला. तीन महिने. आणि हॉस्पिटलात सासूबाईंच्या उशाशी बसून आपणच शब्द दिला होता, "आई, तुमची खाट खिडकीशी लावून ठेवलीय." त्या एवढंसं हसल्या होत्या. खुब्याचं दुसरं ऑपरेशन झाल्यापासूनच्या महिन्याभरातलं ते पहिलं हसणं.

एका हाताने. तीनदा.

"मी बोलतो त्याच्याशी," चष्मेवाले म्हणाले.

"तुम्ही?"

"मी."

वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की चष्मेवाल्यांना त्यात कौतुक दिसलं. (बायकोच्या नजरेचा नंबर काढायचं यंत्र अजून निघालेलं नाही.)

गुरुवारी त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं, "उद्या संध्याकाळी सहाला मी त्याच्याकडे जातो." सेक्रेटरी म्हणाले, "बघा बुवा. जपून." चष्मेवाल्यांना वाटलं, जिमवाल्याला जपा म्हणताहेत. ते मान डोलावून म्हणाले, "काळजी करू नका, फार काही करणार नाही."

त्या संध्याकाळी ते वर्गात गेले. त्यांनी बाईंना बाजूला घेतलं.

"बाई, समजा समोरचा आपल्या दुप्पट असला तर?"

"नमस्कार करून घरी जायचं."

"घरी जाण्यासाठीच त्याच्याशी बोलायचं असलं तर?"

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग पडा. ते तुम्हाला चांगलं येतं."

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. शुक्रवारी दुकानात त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. घड्याळाकडे बघावं तर काटा हलत नव्हता, आणि न बघावं तर भलताच पुढे गेलेला असे.

सहाला पाच कमी असताना ते लॉबीत उतरले. खबर गेलेलीच होती. सेक्रेटरी नोटिशीच्या फळ्यापाशी उभे राहून गेल्या वर्षीची नोटीस वाचत होते. शिलाईताई हातात सुईदोरा घेऊन जिन्यावर बसल्या होत्या, जसं काही तिथेच उजेड चांगला येतो. वॉचमन खोक्याच्या मागे होता. वहिनी वर कठड्याला टेकून उभ्या होत्या. सगळ्यांची तोंडं सुतकी. चष्मेवाल्यांना ते बरं वाटलं. चमत्काराच्या आधी माणसं अशीच गप्प होतात.

जिमच्या दाराला लॉबीतून तीन दगडी पायऱ्या. चष्मेवाले चढले आणि वरच्या पायरीवर उभे राहिले. घंटा दाबली. आत काहीतरी जड लोखंडी वाजलं. दार उघडलं आणि कपाटाने दाराची चौकट भरून टाकली.

"बोला."

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. आणि शब्द सुचेना तसं अंगवळणी पडलेलं तेवढं शरीराने आपणहून केलं. त्यांनी चष्मा काढला, मिटला, डबीत ठेवला, डबी खिशात ठेवली, पाय जुळवले आणि कमरेतून वाकून नमस्कार केला.

वर मान केली आणि त्यांना चूक कळली. चष्म्याशिवाय त्यांना हातभरापलीकडचं दिसत नसे. आता समोर माणूस नव्हता; एक मोठा करडा ढग होता. त्याचे डोळे कुठे, हात कुठे, तो हसतोय की चिडलाय, काही म्हणजे काही कळेना.

"हे काय चाललंय?" ढग म्हणाला.

"ते खोकं," चष्मेवाले म्हणाले. आवाज आपला वाटेना. "ते आज हललं पाहिजे."

"सांगितलंय ना, बघू म्हणून."

"बघू नाही. आज. उद्या अकराला माझ्या सासूबाई येताहेत. त्यांना चालता येत नाही. तुम्ही हलवा, नाहीतर..."

नाहीतरच्या पुढचं वाक्य त्यांनी तयार केलेलं नव्हतं. शिलाईताईंच्या हातातली सुई अर्ध्या टाक्यात थांबली. चष्मेवाले नकळत अर्धं पाऊल मागे सरले. ढग एकदम वाढला. त्यातून एक जाड, लांब फांदी निघाली आणि सरळ त्यांच्या दंडाकडे आली.

सव्वातीन महिन्यांची विद्या कामाला आली. हनुवटी छातीला गेली. पाठ गोल झाली. चष्मेवाले मागच्या मागे तीन पायऱ्या उतरून लॉबीच्या फरशीवर पडले आणि पडता पडता उजव्या तळहाताची अशी थप्पड फरशीला बसली की तिचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत जाऊन परत आला.

"मारलं," खोक्यामागून वॉचमन म्हणाला.

"मी नाही हो," कपाट दारातून म्हणाला. त्याचा आवाज पार बारीक झाला होता. "मी हातसुद्धा नाही लावला. मागे पायरी आहे म्हणून धरायला गेलो."

"आम्ही सगळ्यांनी पाहिलंय," सेक्रेटरी फळ्याकडचं तोंड पहिल्यांदाच वळवून म्हणाले. "थप्पड अख्ख्या इमारतीने ऐकली. आता मीटिंगची वाट बघायची गरज नाही."

वहिनी धावत खाली आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि चष्मेवाल्यांचं डोकं, मान, खांदे चाचपू लागल्या. "कुठे लागलं? कंबर हलते का? बोला ना."

चष्मेवाल्यांनी आधी पायाची बोटं हलवून पाहिली. मग मान. मग पाठ. दगडाच्या तीन पायऱ्या, खाली दगडाची फरशी, आणि बावन्न वर्षांची हाडं. कुठेही काही दुखत नव्हतं. तळहात तेवढा भाजल्यासारखा लाल झाला होता.

"अगं, काही झालं नाही," ते म्हणाले, आणि स्वतःलाच आश्चर्य वाटून त्यांनी पुन्हा सांगितलं, "काहीच झालं नाही."

कपाट पायऱ्या उतरून आला आणि एकेक पायरीला कठडा धरत आला, हे शिलाईताईंच्या नजरेतून सुटलं नाही. तो चष्मेवाल्यांशेजारी बसला, बसताना कण्हला आणि हळूच म्हणाला, "काका, पाया पडतो, तक्रार करू नका. खोकं मी मुद्दाम नाही ठेवलं. उतरवलं त्याच दिवशी माझी कंबर धरली. तीन आठवडे मोजेही घालता येत नाहीत. जिम काढणाऱ्याने हे कोणाला सांगायचं?"

"मला सांगायचं," वहिनी म्हणाल्या. "मी शेकायची पिशवी दिली असती."

त्यानंतर फार वेळ लागला नाही. वॉचमन, सेक्रेटरी, दुसऱ्या मजल्यावरचे दोघे आणि चष्मेवाले अशा पाच जणांनी खोकं ढकललं. कपाट खुर्चीत बसून "डावीकडे, डावीकडे" म्हणत होता, आणि त्याच्या कमरेला वहिनींची पिशवी होती. वर जाताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "तुमचं फिरणं चालू ठेवा हं. बंद नका करू."

शनिवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी सासूबाई आल्या. चाकाची खुर्ची लिफ्टमध्ये सरळ शिरली. मागे चष्मेवाले, बाजूला वहिनी, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जायला शिलाईताई.

"जावईबापूंनी पडायची शिकवणी लावलीय म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "मी तर न शिकताच पडले."

"तुम्ही बऱ्या झालात की दोघं जाऊ," चष्मेवाले म्हणाले. आज त्यांची छाती जरा पुढे होती. खोकं गेलं होतं, बायको घरी राहणार होती, आणि शब्द पाळला गेला होता. आता सासूबाईंच्या देखत आपली कीर्तीही बाहेर यावी, असं वाटलं तर त्यात गैर काय? ते शिलाईताईंकडे वळून अगदी सहज म्हणाले, "परवा तुम्ही वॉचमनला माझं काहीतरी सांगत होता. एका हाताने वगैरे."

शिलाईताईंचा चेहरा उतरला. "ऐकलंत होय तुम्ही? माफ करा हो. मी वर्गाचे अंगरखे शिवते ना, ते द्यायला गेले होते. दारातून दिसलं. त्या एवढ्याशा बाईंनी तुम्हाला एका हाताने धरलं नि केलं आडवं, एकदा नाही, तीनदा. मी एवढंच म्हटलं, आपले चष्मेवाले म्हणजे बिचारे सतरंजीसारखे पसरले होते. त्याच दिवशी वहिनींनाही सांगून ठेवलं, म्हटलं घरी तेल लावून चोळून द्या."

लिफ्ट हळूहळू चढत होती. चष्मेवाल्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी मजल्याच्या आकड्यांकडे बघत होत्या.

"तीनदा?" सासूबाईंनी मान वळवून विचारलं.

"छे," चष्मेवाले म्हणाले. "लोक काहीही सांगतात, आई. पाचदा."

"पाचदा, एका हाताने?"

"एका हाताने तीनदाच. उरलेल्या दोनदा बाईंनी हात लावलाच नव्हता."