शेषरावांचा डाऊट

शेषराव कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिज उघडतात. नमस्कार नंतर, पाणी नंतर, बसणं तर त्याहूनही नंतर.

मी बदली होऊन लोणारला आले त्याच आठवड्यात त्यांनी माझा फ्रिज तपासला. माझं निम्मं सामान अजून पोत्यांत होतं. दारात एक उंच, वाळकुडा म्हातारा उभा. इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट, खिशाला पेन. मला वाटलं घरमालकाकडून वायरिंग बघायला कुणी आलंय. ते सरळ स्वयंपाकघरात गेले, फ्रिजचं दार उघडून वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"बाटल्याच बाटल्या," ते म्हणाले. "पाण्याच्या. अन् एक लिंबू, तेबी अर्धं. मॅडम, बाहेर कार उभी हाय अन् आत अर्धं लिंबू. मले डाऊट येऊन राह्यला."

"कसला डाऊट?"

"तुमी गरीब असान."

मी हायस्कूलची शिक्षिका. पगार वेळेवर होतो, नवरा बुलढाण्याला नोकरीला आहे, शनिवारी येतो. आजवर मला कुणी गरीब म्हटलं नव्हतं. मी जरा तोऱ्यातच हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "कार हप्त्याची ना?"

"हो, पण..."

"मंग कार बँकेची झाली. तुमी निस्त्या डायवर."

आणि ते पाणी न पिता निघून गेले. मी सुट्टीचा अख्खा दिवस चिडचिड करत सामान लावलं. संध्याकाळी बाजारात जाऊन फ्रिजमध्ये ठेवायला काहीबाही आणलं, हे मात्र खरं.

शेषराव एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. उभी हयात त्यांनी 'याचं वय बारा नाही, पंधरा आहे' आणि 'पिशवीत कोंबडी आहे' असले संशय घेण्यात घालवली. नोकरी संपली तरी संशय शिल्लक राहिला, तो त्यांनी गल्लीकडे वळवला. गल्लीत त्यांना तोंडावर शेषरावकाका आणि पाठीमागे डाऊटकाका म्हणतात. त्यांचा एकच विषय: कोण खरा गरीब आणि कोण खोटा.

"पयले सोपं होतं," ते मला सांगायचे. "पायात काही नाही म्हणजे गरीब. सदऱ्याले ठिगळ म्हणजे गरीब. आता सगळ्याईच्या हातात मोबाईल, सगळ्याईच्या अंगात जीन. माणसानं वळखाव कसं?"

जीन्सच्या बाबतीत तर ते एकदा चांगलेच फसले. सरोवर पाहायला पुण्याकडची पोरं येतात. त्यातला एक मुलगा चहाच्या टपरीशी उभा होता, पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. शेषरावांचं काळीज हललं. त्यांनी त्याला चहा पाजला, पोहे खाऊ घातले, वर "शिकून राह्यला का बाप्पा, शीक" असा आशीर्वादही दिला. मुलानं वाकून नमस्कार केला आणि समोर उभ्या असलेल्या, गल्लीत मावणार नाही एवढ्या काळ्या गाडीत जाऊन बसला. शेषराव पुढचे दोन दिवस टपरीकडे फिरकले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, श्रीमंतानं फाटकं घालाव अन् गरिबानं इस्त्री कराव, असा जमाना आला. हे कोणं ठरवलं, तेवढं सांगा."



श्रीमंतांवर त्यांचा राग वेगळाच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नानासाहेबांचा बंगला आहे. ट्रॅक्टर दोन, रस्त्याला लागून जमीन, मुलगी परदेशात. पण बोलण्याची सुरुवात कायम "आपण गरीब माणसं" अशी. एकदा कुठल्याशा कार्यक्रमात फुकट साड्या वाटत होते, तिथं नानासाहेबांच्या बाई रांगेत. शेषराव नानासाहेबांना म्हणाले, "नाना, वहिनीच्या मांगं जी बाई उभी हाय ना, तिच्यासंगं एक महिना घर बदलून घे. मंग आपण पाहू कोण गरीब हाय ते." नानासाहेब हसले. लोकही हसले. शेषराव तेवढे हसले नव्हते.

पण त्यांचा सगळ्यात मोठा डाऊट होता सिंधूबाईवर.

सिंधूबाई माझ्या शेजारच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत राहते. नवरा गेल्यापासून बसस्टँडजवळच्या खानावळीत भाकरी थापते. मुलगी वर्षा औषधाच्या दुकानात कामाला. पण घराला पुढून गुलाबी रंग दिलेला, आणि दारात स्कूटी. रंग दिवाळीत उरलेला कुणीतरी दिला होता आणि स्कूटी वर्षाच्या मामाची जुनी. शेषरावांना हे पटायचं नाही.

"सिंधू, तुही गरिबी मले बराबर वाटत नाही."

"काका, मंग या ना घरी. चार दिवस राहून पाहा."

"फ्रिज कोठी हाय तुहा?"

"हाय कोठी फ्रिज! असता तं तुमीच पयले उघडला असता."

हे भांडण रोजचं होतं. मला तर वाटायचं, दोघांना ते लागतंच.

तर गेल्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. वर्षाला पाहायला डोणगावचे पाहुणे यायचं ठरलं. मुलाचं बियाण्यांचं दुकान, माणसं चांगली. आणि घरकुलासाठी सर्वे निघाला. कुणाचं घर कच्चं, कुणाकडे काय काय आहे, हे पाहायला घरोघरी माणूस येणार होता.

सर्वेच्या बातमीनं गल्ली बघता बघता गरीब झाली. कूलरवर गोधड्या पडल्या. एकानं मोटरसायकल सासुरवाडीला नेऊन ठेवली. नानासाहेबसुद्धा जुनं धोतर नेसून बाजेवर बसले. शेषरावांचा मात्र सण होता. ओट्यावर खुर्ची टाकून ते म्हणाले, "येऊ द्या सर्वेवाल्याले. एकेकाचं बिंग फोडतो का नाही, पाहा."

गल्लीत एकटी सिंधूबाई उलट्या दिशेनं चालली होती. सर्वे सोमवारी, पाहुणे रविवारी. मग रविवारपुरतं श्रीमंत व्हायला काय हरकत होती? सकाळीच माझा सोफा तिच्या घरात गेला. पाठोपाठ माझा फ्रिज. कुणाचं घड्याळ, कुणाचे काचेचे ग्लास. वर्षा तोंड पाडून उभी होती.

"आई, लग्नानंतर फ्रिज कोठी गेला म्हणून इचारलं तं?"

"दुरुस्तीले गेला म्हणजो."

सोफा माझ्या दारातून निघाला तेव्हा शेषराव ओट्यावर होते. "मॅडम," ते ओरडले, "तुमचा सोफा चालाले लागला! मले डाऊट येऊन राह्यला." मी जवळ जाऊन त्यांना खरं ते सांगितलं. न सांगून उपयोग नव्हता. त्यांनी खिशातला पेन काढून परत खिशाला लावला.

अकराच्या सुमारास डोणगावची पांढरी जीप आली. पाहुणे आत गेले, चपला दारात लागल्या. मी पोह्यांसाठी कोथिंबीर घेऊन निघाले, तर गल्लीच्या तोंडाशी एक मुलगी दिसली. गळ्यात ओळखपत्र, हातात फोन, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. सर्वे एक दिवस आधीच आला होता. वरून घाई होती म्हणे.

ती आत गेली तर सोफ्याचा, फ्रिजचा फोटो काढणार आणि सिंधूबाईचं घरकुल गेलं. दारातच "हे सामान मागून आणलंय" सांगावं, तर आत पाहुण्यांना ऐकू जाणार आणि वर्षाचं लग्न गेलं. मी शेषरावांकडे पाहिलं. ते खुर्चीतून उठत होते. आता हे बिंग फोडणार, असं माझ्या मनात आलं आणि मी डोळे मिटले.

"ओ पोरी!" त्यांचा बसमधला आवाज गल्लीभर घुमला. "तिकडे कोठी चालली? आधी इकडे ये."

"काका, तुमचं घर यादीत नाही. तुम्हाला पेन्शन आहे ना?"

"पेन्शनवाला गरीब नसते, हे तुले कोणं सांगतलं? मी गरीब हाय. ये, पाहून घे. तपास."

नानासाहेब बाजेवरून अर्धे उठले. आणि शेषरावांनी आपलं दार सताड उघडलं.

त्यांच्या घरात कुणी गेलेलं मला माहीत नव्हतं. बायको वारल्यापासून ते सगळ्यांना ओट्यावरच भेटायचे. मला त्यांनी डोळ्यांनी खुणावलं, तशी मी चहा करायच्या निमित्तानं त्या मुलीमागोमाग आत शिरले.

आत गरिबीचा मागमूस नव्हता. भिंतीला एसी. मोठा टीव्ही. मायक्रोवेव्ह खोक्यातच, त्याची चिकटपट्टीही काढलेली नाही. वॉशिंग मशीनवर चादर घालून तिचं टेबल केलेलं. "पोरगा पाठवते," शेषराव म्हणाले. "हैदराबादले हाय. फोन केला का इचारते, काय पाठवू."

मुलगी हसली. "काका, हे सगळं असून तुम्ही गरीब?"

"तू इचार. तुह्या फोनात जे जे असन ते इचार."

तिनं विचारायला सुरुवात केली. घरात माणसं किती? "एक." स्वयंपाक गॅसवर की चुलीवर? या एका प्रश्नाला शेषरावांनी चुलीपासून आरंभ केला. बाई कशी फुंकणी शोधत फिरायची, पहिलं सिलिंडर त्यांनी मेहकरहून बसच्या टपावर कसं आणलं, ती त्याला हात लावायला कशी भ्यायची. पाणी कुठून येतं, या प्रश्नाला आणखी वेळ लागला. मी खिडकीतून समोर सिंधूबाईच्या दारावर लक्ष ठेवून होते. पोहे संपले. वर्षा चहा घेऊन बाहेर आली. पाहुण्यांतली बाई माझ्या सोफ्यावरून हात फिरवत होती.

शेवटी जीप सुरू झाल्याचा आवाज आला. सिंधूबाईच्या दारातून फ्रिज निघाला, मग सोफा. ती मुलगी खिडकीकडे तोंड करूनच बसली होती. तिनं गल्लीतून जाणारा सोफा अगदी नीट पाहिला आणि काकांना पुढचा प्रश्न विचारला.

पुढचं सांगून टाकते. वर्षाचं जमलं. तिनंच नंतर मुलाला फोनवर सोफा-फ्रिजचं खरं सांगून टाकलं, तेव्हा तो म्हणाला, "जीप आमची नाही. आत्याच्या दिराची होती." सिंधूबाईच्या रिकाम्या खोल्यांचा फोटो त्याच दुपारी निघाला. घरकुल अजून आलेलं नाही. येईल म्हणतात.

पण त्या दुपारी, सोफा घरी पोचल्यावर, मी शेषरावांना मान हलवून खूण केली: झालं, आता सोडा तिला. त्यांनी ती पाहिली. मुलीनं फोन बंद केला, पिशवी खांद्याला लावली. "येते काका. संपलं सगळं."

"संपलं?" शेषराव म्हणाले. "एवढ्यात? बस ना. काही इचाराचं राह्यलं असन, पाह्य."

"नाही काका, एवढेच प्रश्न असतात."

"पाह्य ना एकडाव."

त्यांचा आवाज गल्लीतला नव्हता. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली, फोन तसाच बंद राहू दिला आणि खुर्चीत बसली.

"काका," तिनं विचारलं, "आज भाजी कायची केली?"



"आंबाडीची," ते म्हणाले. "जास्तच झाली. हात अजून दोघाच्या मापानंच पडते." आणि उठून त्यांनी मांडणीवरून तीन ताटं काढली.